वही सतरा नंबरला थांबली

ईशान, मीरा, मागच्या रविवारी फोनवर तुमचे बाबा चिडलेले होते. कचऱ्याचा डबा दारासमोर एक दिवस जास्त राहिला म्हणून तुमच्या वसाहतीच्या मंडळाने पत्र पाठवलं होतं. मागून ईशानचा आवाज आला, "आजी, ह्या लोकांचा उपयोग तरी काय?" मी हसले आणि तुमच्या परीक्षेचं विचारलं. खरं म्हणजे तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. लहानपणाच्या ह्या आठवणी तुमच्यासाठी लिहायला घेतल्यापासून हे एक प्रकरण मी पुढे ढकलत आले आहे. प्रत्येक वेळी काहीतरी दुसरं आठवायचं, शाळा, अकोल्याचे आजोबा, पतंग. आता दुसरं काही उरलेलं नाही.

आमची सोसायटी कतारगामच्या बाजूला होती. एकाला एक लागलेली चोवीस घरं, दोन रांगांत. एक ते बारा पुढच्या गल्लीत, तेरा ते चोवीस मागच्या. प्रत्येक घराला पुढे ओटा, दाराच्या आत झोपाळा, मागे मोरी आणि तुळस. कुंपणापलीकडे मागांचे कारखाने होते. त्यांची खटखट दिवसभर चालायची आणि आम्हाला ती ऐकूच यायची नाही. सणाला माग बंद राहिले की मात्र आई पोळी लाटता लाटता थांबायची आणि म्हणायची, "काहून इतकं शांत शांत वाटते?" दुपारी गल्लीत कुणाकडे तरी डाळ वाटली जात असायची, आणि चारच्या सुमाराला खमणाच्या वाफेचा वास सगळ्या ओट्यांवरून फिरायचा. आमच्या घरात ज्वारीची भाकरी आणि ठेचा होता. शेजारच्या बायका तो ठेचा चिमूटभर चाखून हाय हाय करायच्या आणि दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन परत यायच्या.

बाबा बँकेत होते. बदलीने सुरतेत आले आणि इथलेच झाले. सोसायटीच्या सेक्रेटरीला इकडे मंत्री म्हणतात आणि अध्यक्षाला प्रमुख. बाबा मंत्री झाले तेव्हा अकोल्याच्या काकांनी पत्राच्या वर "मंत्रिमहोदयांस" असं लिहिलं आणि खाली विचारलं होतं की लाल दिव्याची गाडी कधी मिळणार. बाबा हसले नाहीत. त्यांनी मंत्रिपद अगदी मनापासून घेतलं होतं. दर अमावास्येला टाकी रिकामी करून घासून घेणं, गल्लीतला दिवा गेला तर तिसऱ्या दिवसाच्या आत बसवणं, साथीच्या दिवसांत डॉक्टरांना सोसायटीत बोलावून मुलांना रांगेत टोचून घेणं, हे सगळं ते ऑफिसातून आल्यावर, चहाचा कप हातात घेऊन करायचे. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा आईजवळ माहेरचं कुणी नव्हतं. पाच आठवडे आमच्याकडे चूल पेटली नाही. कुणाचा वार कधी, ते कमिटीने ठरवून दिलं होतं, आणि एकही दिवस चुकला नाही. उपयोग काय, असं तू विचारलंस ईशान. एक उपयोग हा. मी तो डाळ-भातासकट खाल्लेला आहे.

आणि मग ती वही. जाड, लाल पुठ्ठ्याची. आम्ही तिला फिरती वही म्हणायचो, गुजराती शेजारी नुसतं चोपडी म्हणायचे. कमिटीने काही ठरवलं की ते वहीत लिहायचं आणि वही एक नंबरपासून चोवीस नंबरपर्यंत ओळीने न्यायची. प्रत्येक घरातल्या कुणीतरी वाचून आपल्या नंबरापुढे सही करायची, बाजूला वार आणि वेळ टाकायची. हे आमच्या आधीच्या एका मोठ्या भांडणातून सुरू झालं होतं. कुणी ओट्यावरून ओरडून निरोप दिला, अर्ध्यांनी ऐकला, अर्ध्यांनी "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" म्हटलं, आणि त्यावरून दोन घरांत वर्षभर बोलणं बंद. तेव्हा सर्वांनी मिळून ठराव केला की तोंडी सांगितलेलं सोसायटीत धरायचं नाही. वही आली तर निरोप आला. वही आली नाही तर निरोप नाही. तेव्हापासून भांडणं मिटली. लोकांना ह्या वहीचा अभिमान होता. बाजूच्या सोसायटीतले लोक ती बघायला यायचे.

वही फिरवायचं काम माझं होतं. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची, इंग्रजी शाळेत जाणारी, अक्षराचं बक्षीस मिळवलेली. बाबा मजकूर सांगायचे, मी गुजरातीत लिहायचे आणि मग खाकी थैलीत वही घालून निघायचे. एकाखाली एक चोवीस सह्या सरळ रेषेत उतरल्या की मला जो आनंद व्हायचा तो कुणाला समजावून सांगता येणार नाही. फक्त एकदा नऊ नंबरच्या काकी आंघोळीला गेल्या होत्या म्हणून मी आधी दहाची सही घेतली. पुढच्या सभेत आमच्या प्रमुखांनी, ठाकोरकाकांनी, वही सगळ्यांपुढे उंच धरली. ठाकोरकाका आमच्याशी मराठी बोलायचा फार प्रयत्न करायचे. म्हणाले, "जुओ जुओ, मंत्रीसाहेबांच्या दीकरीची गाडी नववं स्टेशन न घेताच सुटली!" सगळे हसले. मोठ्यांचं ते प्रेमाचंच हसणं होतं. पण घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि बाबा म्हणाले, "त्यात रडायचं काय? क्रम सोडायचा नाही, एवढंच." मी ते पाठ करून टाकलं.

मागच्या गल्लीत एकवीस नंबरला लताभाभी राहायची. माहेर चलथाणचं, साखर कारखान्यातल्या कामगाराची मुलगी, लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा रमणभाई हिऱ्याच्या कारखान्यात पैलू पाडायचा. घरात सासू होती, मंछाबा, दिवसभर झोपाळ्यावर बसून भाजी निवडणारी आणि गल्लीत कोण आलं-गेलं ते बघणारी. भाभीला इंग्रजी शिकायचं होतं. म्हणायची, "पोरगं शाळेतून येऊन फाड फाड बोलेल आणि मी बघत बसेन काय तोंडाकडे?" तेव्हा तिला सातवा महिना होता. दर रविवारी दुपारी मी तिला माझ्या जुन्या पुस्तकातलं एक पान वाचायला शिकवायचे. बदल्यात ती मला मोत्यांचं तोरण ओवायला शिकवायची. मोती माझ्या बोटांतून सटकायचे आणि ती म्हणायची, "इंग्रजी बोटं छे, मोती पकडतच नाहीत!" माझ्या आयुष्यातली ती पहिली मोठी बाई जी माझ्याशी मैत्रिणीसारखी बोलायची.

आता ते दिवस. बाहेरच्या रस्त्यावर कित्येक दिवस खोदकाम चाललं होतं. एका शनिवारी सकाळी बाबांनी टाकीचं झाकण उघडलं आणि तसंच धरून उभे राहिले. मला बोलावलं. "वास घे." मला गोड, कुजका वास आला. नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी शिरलं होतं. पिण्याचं पाणी सगळ्या चोवीस घरांत त्याच टाकीतून जायचं. बाबा त्या दिवशी ऑफिसात उशिरा गेले. कमिटीचे चारजण आमच्या ओट्यावर जमले आणि अर्ध्या तासात ठरलं: टाकी उपसायची, दुरुस्ती होईपर्यंत पाणी वीस मिनिटं उकळूनच प्यायचं, घरात भरून ठेवलेलं सगळं ओतून टाकायचं. मी लिहून घेतलं. बाबांना संध्याकाळी बँकेच्या तपासणीसाठी कामरेजला जायचं होतं, सोमवारी दुपारी परत. ऑफिसला जाताना चपला घालता घालता म्हणाले, "शालू, वही आजच फिरव. क्रमाने." आईने तोवर मोठं पातेलं स्टोव्हवर चढवलं होतं.

सोळा घरांना दीड तास लागला. लोक वाचायचे, नाक मुरडायचे, सही करायचे आणि लगेच आत जाऊन माठ रिकामे करायचे. मोऱ्यांतून पाणी ओतल्याचे आवाज माझ्या मागून मागून येत होते. मला वाटलं, मी किती महत्त्वाचं काम करते आहे. मग सतरा नंबर. दाराला कुलूप. तिथे एक मास्तर आणि त्यांची बायको राहायची. सोळावाल्या काकी म्हणाल्या, "भाचीच्या साखरपुड्याला गेलेत, येतीलच संध्याकाळी." मी मास्तरांच्या ओट्यावर बसले. थैली मांडीवर. दिवेलागण झाली, आईची हाक आली, मी घरी गेले. बाबा तोवर घरी येऊन बॅग घेऊन कामरेजला निघूनही गेले होते. आईने विचारलं, "झाली का वही?" मी म्हटलं, "थोडी राहिलीय." ती भावाला भरवत होती. बरं म्हणाली.

तुम्ही विचाराल की अठरा नंबर पंधरा पावलांवर होता, तू उठून का गेली नाहीस. हे मी स्वतःला साठ वर्षं विचारते आहे. सतरा कोरा ठेवून अठराची सही घ्यायची, हे माझ्या डोक्यात आलं. आलं आणि लगेच ठाकोरकाकांचा वर धरलेला हात दिसला. पण तेवढंच नव्हतं. मला ती सह्यांची रांग मोडायची नव्हती. सोळा सह्या इतक्या सुंदर उतरल्या होत्या. हे लिहायला लाज वाटते, पण खरं हेच आहे.

रविवारी सकाळी सतराला कुलूप. दुपारी कुलूप. मी तशीच थैली घेऊन एकवीस नंबरला गेले, कारण रविवार होता आणि भाभीचा धडा होता. तिने खमण केलं होतं, वर मोहरीची फोडणी, सोबत कच्च्या पपईची तिखट चटणी. मी दोनदा मागून घेतलं. मंछाबा झोपाळ्यावर शेंगा मोडत होती. म्हणाली, "पुढल्या गल्लीत पाण्याचं काहीतरी बोलतात. उकळा म्हणे."

भाभी म्हणाली, "बा, गल्लीत तर रोज काहीतरी बोलतात. चोपडी आली का? चोपडी येईल तेव्हा उकळू. इतकं घासलेट कुठून आणायचं?"

थैली माझ्या गुडघ्याला टेकलेली होती. मी पुस्तक उघडलं.

भाभीने माठातून स्टीलचा पेला भरून माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, "तहान नाही, भाभी."

"इतकी चटणी खाऊन? जुओ तो, नखरे शिकली आमची मास्तरीण." ती हसली. "तू नको पिऊ. मीच पिते. मला आता दोघांची तहान लागते." आणि तिने तो पेला माझ्यादेखत एका दमात संपवला.

मी तिला पान वाचून दाखवलं. तिने माझ्यामागून म्हटलं. मी घरी आले.

ईशान, मीरा, मी तुम्हाला सांगते आहे की मला ठाऊक होतं. मजकूर मीच लिहिला होता. टाकीचा वास मी घेतला होता. मी ते पाणी प्यायले नाही, आणि तिला पिऊ दिलं, कारण वही अजून एकवीसपर्यंत पोचली नव्हती. माझ्या मनात त्या वेळी काही दुष्ट नव्हतं. मनात फक्त इतकंच होतं की मास्तर आले की लगेच सही घेईन आणि मग सगळं रीतसर होईल.

सोमवारी शाळेतून आल्यावर मास्तरांचं दार उघडं दिसलं. ते सही करताना म्हणाले, "अरे, हे तर फार महत्त्वाचं दिसतं." पुढची सात घरं मी पळत पळत केली. सगळ्या चोवीस सह्या सरळ रेषेत आल्या.

कावीळ लगेच येत नाही. तीन-चार आठवडे काहीच झालं नाही आणि आम्ही सगळे टाकीचं विसरूनही गेलो. मग एकेका घरातून उलट्यांचे आवाज यायला लागले. मुलं शाळेतून परत यायची ती थेट अंथरुणात. आमच्या सोसायटीत अकराजणांना झाली. बहुतेक मागच्या गल्लीतले, पण सगळे नाहीत. तीन नंबरचे आजोबा होते, आमच्या शेजारची मुलगी होती. म्हणजे पाणी वास यायच्याही आधीपासून बिघडलेलं होतं. डॉक्टर बाबांना हेच म्हणाले, आणि पुढे मोठेपणी मी स्वतः जे वाचलं त्यातही हेच होतं: हा रोग कोणत्या घोटातून पोटात गेला ते सांगता येत नाही. शनिवारच्या आधीचा घोट असेल किंवा रविवार दुपारचा. ह्या एका अनिश्चिततेवर मी जगले आहे. ती मला कधी दिलासा वाटली, कधी शिक्षा.

त्या आठवड्यांत सोसायटीने जे केलं ते मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पलीकडच्या चाळीत लोक आपापल्या खोलीत पडून होते, शेजाऱ्याला शेजारी विचारत नव्हता. तिथून किती अंत्ययात्रा निघाल्या, ते आम्ही ओट्यावरून बघितलं. आमच्याकडे मात्र चौकात विटांची मोठी चूल मांडली गेली. लग्नातला तांब्याचा हंडा आला. पहाटेपासून पुरुष पाळीपाळीने लाकडं सारायचे आणि उकळलेलं पाणी झाकलेल्या कळशांतून घरोघर जायचं. ठाकोरकाकांची गाडी फाटकाशी उभी असायची, किल्ली दाराच्या खिळ्याला टांगलेली, ज्याला दवाखान्यात जायचं त्याने न विचारता न्यायची. आजाऱ्यांच्या घरी मुगाचं पाणी आणि मऊ भात कोणी द्यायचा ते ठरलेलं होतं. अकरातले दहाजण उठून चालू लागले. ते ह्या सगळ्यामुळे, असं डॉक्टर म्हणाले.

लताभाभीचे डोळे मी पाहिले. आईबरोबर भात द्यायला गेले होते. हळदीत बुडवल्यासारखे डोळे, आणि ओठ कोरडे. मला बघून म्हणाली, "धडा राहिला हं, शालू." दोन दिवसांनी ती माणसं ओळखेनाशी झाली. गरोदर बाईला हा रोग फार वाईट, हे तेव्हा आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. दवाखान्यात रक्त द्यायला सोसायटीतले नऊ पुरुष गेले, बाबा पहिले. सकाळी दहाच्या सुमाराला ठाकोरकाकांची गाडी फाटकातून आत आली ती इतकी हळू, की आईने खिडकीतूनच ओळखलं आणि स्टोव्ह विझवला. मग शेजारचा स्टोव्ह बंद झाल्याचा आवाज आला, मग त्यापलीकडचा. भाभीला नेईपर्यंत चोवीस घरांत काही शिजलं नाही. बाळ आधीच गेलं होतं.

तेराव्यानंतर सर्वसाधारण सभा झाली. चौकात सतरंज्या घातल्या होत्या, एका बाजूला बायका. मी आईच्या मागे बसले होते. टाकीचं, नळाचं, अर्जांचं बोलून झालं. मग रमणभाई उभे राहिले. डोकं भादरलेलं, आवाज अगदी साधा. "मंत्रीसाहेब, एक वात पूछवी छे. एक नंबरची सही शनिवारची आहे. आमच्या घरची सोमवारची. दोन दिवस चोपडी कुठे होती?"

बाबांनी वही उघडली. त्यांनी ती तोवर पाहिली नसावी, किंवा पाहूनही वार वाचले नसावेत. सोळाव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. सतरापुढे सोमवार होता. मास्तर सतरंजीवर चुळबुळले. बाबांनी मान वर केली आणि बायकांच्या बाजूला पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. सगळं त्यांना त्या क्षणात कळलं, कारण मला त्यांनीच घडवलं होतं.

"माझ्याकडे होती," बाबा म्हणाले. "शनिवारी कामरेजला जाताना बाकीच्या कागदांबरोबर माझ्या बॅगेत गेली. सोमवारी परत आलो तेव्हा लक्षात आलं. चूक माझी आहे."

 मागांची खटखट तेवढी मला त्या दिवशी स्पष्ट ऐकू आली. ठाकोरकाका म्हणाले, "मंत्रीसाहेब, आवी भूल? इतकी मोठी चूक?" रमणभाई बाबांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "तुमची बॅग." एवढंच. आणि निघून गेले. बाबांनी त्याच सभेत राजीनामा लिहून दिला. नियमही त्याच सभेत बदलला: कुलूप असेल तर घर सोडून पुढे जायचं, आणि पाणी, आग, आजार असेल तर आधी ओरडायचं आणि वही नंतर. तो ठराव बाबांनीच मांडला. शेवटचा.

घरी आल्यावर मी त्यांच्या पायाशी बसले.  ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "क्रम मीच सांगितला होता." ह्या विषयावर बाबा माझ्याशी जे बोलले ते एवढंच. त्यानंतर गल्लीत त्यांना कुणी मंत्रीसाहेब म्हटलं नाही. वाईटही कुणी वागलं नाही. आमच्याकडे आजारपण आलं तेव्हा डबे आले, पाळीनुसार, रमणभाईंच्या घरूनसुद्धा. पण रमणभाई बाबांशी कधीही बोलले नाहीत. तीस पावलांवर राहून, एकाच टाकीचं पाणी पिऊन, सव्वीस वर्षं. बाबा गेले त्या दिवशी ते आले, खांदा दिला, आणि तसेच न बोलता गेले. खोटं कधी न बोललेल्या माणसाचं एकुलतं एक खोटं, आणि त्याची किंमत त्यांनी रोज सकाळी दार उघडल्यापासून मोजली.

आता मी अडाजणला राहते ती इमारत अकरा मजल्यांची. आमच्या मंडळाचा निरोप मोबाइलवर सगळ्यांना एकाच वेळी येतो, आणि तरी लिफ्ट बंद असल्याचा निरोप आला की मी शेजारच्या आजोबांचं दार वाजवते. त्यांना वाटतं मला बोलायला कुणी लागतं. वाटू दे. तुमच्या मंडळाचं पत्र आलं की बाबांना सांगा, डबा आत घ्या. त्या लोकांचा उपयोग फार मोठा आहे. पण पाणी बिघडलेलं तुम्हाला कळलं, तर पत्राची वाट बघू नका.

एक गोष्ट राहिली. त्या हिवाळ्यात, भाभी जाऊन तीन-चार महिने झाले होते, मी एका दुपारी मंछाबाकडे गेले. रमणभाई कारखान्यात होते. तिने झोपाळ्यावर तुरीच्या हिरव्या शेंगा पसरल्या होत्या. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. सतराचं कुलूप, थैली, पेला. बाबांच्या बॅगेत वही कधीच नव्हती, हेही. मला वाटत होतं ती ओरडेल, मारेल. मला तेच हवं होतं.

तिचे हात थांबले नाहीत. "मने खबर छे," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझ्या थैलीतून चोपडीचा लाल पुठ्ठा दिसत होता. मी इथूनच बघत होते. मनात आलं, विचारू या पोरीला. मग म्हटलं, आपली पाळी आली नाही अजून. येईल तेव्हा येईल." मग तिने पायाने झोपाळा थांबवला. "विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

मी हो म्हटलं. ते खरं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

"मग झालं," मंछाबा म्हणाली. "रमणला सांगू नको. रागवायला त्याला एक माणूस बस झाला. तुझं सांगितलंस तर मला माझंही सांगावं लागेल. मग त्याने राहायचं कुणाबरोबर?"

तिने झोपाळ्यावर सरकून जागा केली आणि अर्ध्या शेंगा माझ्याकडे ढकलल्या. मी बसले. आम्ही दोघींनी सगळी तूर सोलली. संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले, मी त्यांना चहा दिला, आणि कुठे गेले होते ते सांगितलं नाही.